‘खुला’ हे विशेषण कोणाचे?

रत्नागिरीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, निकालाच्या दिवशी अभ्यासिकेत ‘ओबीसीतला मुलगा ओपनमधून लागला, म्हणजे खुल्यांची एक जागा गेली’ असे सर्रास ऐकू येते. हा प्रयोग बरोबर आहे का?

माझ्या मते हा प्रयोग चुकीचा आहे, आणि चूक ‘खुल्यांची’ या षष्ठीत आहे. ‘राखीव’ हा शब्द ‘राखणे’पासून आला, आणि राखणे म्हणजे काय हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. आंबा तयार होऊ लागला की वानरांपासून कलमे वाचवण्यासाठी बागेत राखणीला माणूस बसतो. गावाच्या वेशीवर तर राखणदारच असतो. नोकरभरतीत जे राखले जाते ते पद. जे पद असे राखलेले नाही ते अराखीव, म्हणजेच खुले, आणि खुल्या दाराने कोणीही आत येऊ शकतो.

लोकसेवा आयोगाच्या काही जाहिरातींत हा भेद नीट पाळलेला दिसतो. पदसंख्येच्या तक्त्यात ‘अराखीव’ असा रकाना असतो, तर परीक्षा शुल्काच्या जागी ‘अमागास’ असा शब्द असतो. पहिला शब्द पदाविषयी बोलतो, दुसरा उमेदवाराविषयी. बोलताना आपण दोन्हींसाठी ‘ओपन’ म्हणू लागलो आणि ‘प्रवर्ग’ या शब्दाने त्यात भर घातली, कारण प्रवर्ग म्हटले की माणसांचा गटच डोळ्यांसमोर येतो.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या स्पर्धेतून निवडला गेला, तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सांगितले. २०२० च्या सौरव यादव खटल्यात तर खुला प्रवर्ग हा कोटाच नसल्याचे स्पष्ट केले. (वयोमर्यादेसारखी सवलत घेतलेल्या उमेदवारासाठी त्या त्या भरतीचे नियम पाहावे लागतात.)

‘मेरिट’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. ‘मेरिट किती लागलं?’ या प्रश्नात तो शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण सांगतो, पण ‘आरक्षण की मेरिट’ या वादात तो माणसाची लायकी ठरवू लागतो. राखीव पदांची यादीसुद्धा गुणानुक्रमेच लागते, हे त्या वादात विसरले जाते आणि ते मला फार खटकते.

तेव्हा त्या मुलाविषयी ‘त्याची अराखीव पदावर निवड झाली’ असे लिहावे.