कोंबड्या जातील तिथं मी जाईन

पत्र, थोडक्यात :

ताई, मी 36 वर्षांची. डोंबिवलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, माझी नोकरी ठाण्याला. सासरे गेल्यावर संगमेश्वरकडचं घर बंद करून सासूबाई शिमग्यानंतर आमच्याकडे आल्या, त्या पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊनच. तिसऱ्या मजल्यावर ड्राय बाल्कनीत खुराडं केलंय. कोंबडा पहाटे साडेतीनला सुरू होतो. खालच्या काकूंनी तक्रार केली, सोसायटीची नोटीस आली. कोंबड्या चालतील असं घर चार महिने शोधतोय. अकरा घरं पाहिली. एजंट हसतात. आता बदलापूरला एक रो-हाऊस मिळतंय, भाडं सहा हजारांनी जास्त. एजंट म्हणतो, मालकाला काही सांगू नका, आधी राहायला जा, मग बघू. नवरा म्हणतो, पाच कोंबड्यांसाठी घर बदलणं वेडेपणा आहे, भावकीत देऊन टाकू. सासूबाई म्हणतात, ‘कोंबड्या जातील तिथं मी जाईन.’ काय करू?
— डोंबिवलीची सून

अगं सूनबाई,

तुझं मूळ पत्र चार पानी. दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली. त्यात सेक्रेटरी तीनदा बोलतात, एजंट चारदा, आणि तुझे यजमान तर पान भरून बोलतात. सासूबाईंच्या वाट्याला एकच वाक्य आलंय. त्याकडे येते, पण आधी तो कोंबडा.

कोंबडा गेला पाहिजे. कोंबड्या अंडी घालायला कोंबड्यासाठी थांबत नाहीत. तो नसला तर त्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत, एवढंच. ड्राय बाल्कनी म्हणजे डक्टकडे तोंड, तिथं पहाटे आरवलेलं सातव्या मजल्यापर्यंत घुमतं. राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलच्या वर आवाज नको, असा सरकारी नियम आहे. खालच्या काकूंना मी दोष देणार नाही. साडेतीनला जाग आणणारा माझ्या डोक्यावर असता तर मीही नोटीस मागितली असती. गावच्या राखणदार देवाला राखण द्यायला काय लागतं हे सासूबाईंना मी सांगायला नको. त्याला त्या कामी लावायचा की भावकीत कुणाच्या खुराड्यात सोडायचा, ते त्यांनाच ठरवू दे. पुढे पिल्लं हवीशी वाटली तर गावाहून, कोंबडा असलेल्या घरची अंडी आणायची, कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, की तिच्याखाली ठेवायची, 21 दिवसांनी पिल्लं. त्यातले निम्मे नर निघतील आणि चार-पाच महिन्यांत आरवायला लागतील, पण तोवर गटारी कितीशी लांब असते?

कोंबडा गेला की निम्मं घर सापडलं असं समज. घरमालकाला ‘कोंबड्या’ म्हटलं की ऐकू येतं ‘कुकूचकू’. ‘पाच कोंबड्या, कोंबडा नाही’ असं एका दमात म्हणायची सवय कर.

सध्याच्या सोसायटीत मात्र लढू नकोस. यजमान कुत्र्यांबद्दलचं परिपत्रक छापून घेऊन बसलेत म्हणतेस. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, ते खरं. पण तो कागद कुत्र्यांचा आहे, तो पुढे करून खुराडं वाचणार नाही. त्यापेक्षा सेक्रेटरींना लेखी दे : कोंबडा या आठवड्यात जातोय, कोंबड्यांसाठी दोन महिने द्या, आम्ही घर शोधतोय. आणि तेवढे दोन महिने वास येऊ देऊ नकोस. वास विष्ठेपेक्षा ओलीचा जास्त असतो. खुराड्यात तीन-चार इंच भाताचं तूस पसर, रोज हलव, ओलं झालेलं लगेच काढ, आणि पाण्याचं भांडं विटेवर ठेव म्हणजे त्या पायाने सांडणार नाहीत.

आता एजंटचं ‘आधी राहायला जा’. अजिबात जाऊ नकोस. कोंबडं झाकलं तरी उजाडतं, असं आपण उगाच नाही म्हणत. तुमच्या बाबतीत तर दुसऱ्या दिवशी दुपारीच उजाडेल, कारण अंडं घातल्यावर कोंबडी सगळ्या आळीला ओरडून सांगते. मग मालक महिन्याची नोटीस देणार, डिपॉझिटवर घासाघीस करणार, आणि तू भर पावसात सामान, पोरगं, सासूबाई आणि पाच कोंबड्या घेऊन पुन्हा टेम्पोत. तो एजंट तेव्हा फोन उचलेल असं तुला वाटतं का? त्याची दलाली त्याला मिळालेली असेल.

मालकाला सांगायचंच, आणि तोंडी ‘चालेल’वर थांबायचं नाही. भाड्याचा करार आपल्याकडे लेखी आणि नोंदवलेलाच असावा लागतो (1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55), आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. त्याच करारात एक ओळ घालून घे : ‘परसात सहापर्यंत कोंबड्या, कोंबडा वगळून, ठेवण्यास मालकाची हरकत नाही.’ तोंडी चालेल म्हणणारे बाबा अकरा महिन्यांत बदलतात, त्यांचा मुलगा दुबईहून येतो, त्याच्या बायकोला वास येतो. माझंच झालंय. ठाण्याला भाड्याने राहायचे तेव्हा मालकीणबाईंनी गच्चीवर कुंड्या ठेवायला हसत हसत ‘हो’ म्हटलं होतं, आणि पावसाळ्यानंतर त्याच बाईंनी गळतीचा सगळा खर्च माझ्या कढीपत्त्याच्या नावावर लावला. कागद नव्हता, तोंड गप्प.

आणि रो-हाऊस म्हणजे मोकळं रान नव्हे. पुष्कळ रो-हाऊसची मिळून सोसायटी असते, तिचे स्वतःचे नियम असतात, भिंतीला भिंत लागलेली असते. मालक हो म्हणाला तरी पलीकडच्या बेडरूमची खिडकी तुमच्या खुराड्यापासून सहा फुटांवर. शिवाय बदलापूरला उल्हास नदी कुठवर चढते ते विचारूनच घर घ्यायचं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथंच, वांगणीच्या अलीकडे, हजारावर प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती. माणसं माळ्यावर चढतील. कोंबड्या?

मला सांग, बदलापूर कशाला? डोंबिवलीच्या कडेलाच ती 27 गावं आहेत. भोपर, संदप, मानपाडा, निळजे, घेसर, काटई. महापालिकेत की बाहेर हा वाद तिथं वर्षानुवर्षं चाललाय आणि मधल्या मध्ये टॉवरच्या सावलीत जुनी गावठाणं टिकून आहेत. आगरी घर असतं, मालक वर राहतात, तळमजला भाड्याने देतात, मागे परस, आणि परसात त्यांच्याच कोंबड्या. अशा घरात तुला परवानगी मागायचीच नाही, फक्त ‘आमच्याही पाच आहेत’ म्हणायचं. पाण्याची मात्र चौकशी कर, तिकडे टँकरवर दिवस काढावे लागतात. कल्याण-शीळ रस्त्याची गर्दी मी तुला सांगायला नको. पण पोराची शाळा सुटत नाही, तुझी लोकल सुटत नाही.

ही घरं मोबाइलवर दिसत नाहीत, म्हणूनच तुझी अकरा घरं फुकट गेली. कोंबडी खाद्य विकणाऱ्या दुकानात जा. पाच कोंबड्यांना रोज अर्धा-पाऊण किलो दाणा लागतो, त्यामुळे कुणाकडे कोंबड्या आहेत हे त्या दुकानदाराला पाठ असतं. जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या शिपायाला विचार. आणि रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, कोंबड्या अंड्यावरून उठतात तेव्हा, सासूबाईंना घेऊन गावठाणातून चालत फीर. तुला रिकामे गाळे दिसतील, त्यांना खुराडी ऐकू येतील. पायरीवर बसलेल्या बाईशी त्या बोलायला लागल्या की तू दोन पावलं मागे राहा. कुणाला किती भाडं, कोण भांडखोर, कुठं मुंगसाचा त्रास, सगळं दहा मिनिटांत बाहेर येईल. एजंटला हे चार महिन्यांत जमलं नाही.

घर पसंत पडलं तरी मालकाच्या आधी शेजारीण गाठ. माझ्या मते खरी परवानगी तिचीच. करार मालकाशी होतो, तक्रार शेजारी करतो. जागा बघताना जोतं उंच आहे ना, परसात सकाळचं ऊन येतं ना, पाणी साचत नाही ना, एवढं पाहा. खुराडं जमिनीपासून दोन फूट वर, कोंबडीमागे दोन चौरस फूट, आणि जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश. त्या षटकोनी भोकांच्या जाळीने कोंबडी आत राहते, पण मुंगूस बाहेर राहत नाही.

एक कडू गोष्ट सासूबाईंच्या कानावर आधीच घाल. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट करायचा आदेश निघाला. अशा वेळी पाच आणि पाच हजार सारखेच, तिथं लपवाछपवी नको. मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, लस मात्र आपल्या हातात आहे. तिची कुपी बहुधा शंभर कोंबड्यांची येते, त्यामुळे आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी टोचून घेतलेली परवडते. नव्या शेजारणीशी ओळख करायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

आता यजमानांचा वेडेपणाचा मुद्दा. त्यांचा हिशोब बरोबर आहे, कबूल करून टाक. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. पाच कोंबड्यांची सव्वातीनशे धर. बदलापूरचं जादा भाडं वर्षाला 72 हजार. एक अंडं सव्वादोनशे रुपयांना पडलं! तेव्हा ‘घरचं अंडं पौष्टिक, पैसे वाचतील’ असलं काही त्यांच्यापुढे बोलू नकोस, हरशील. पोराच्या ॲबॅकसच्या क्लासचा असा हिशोब त्यांनी कधी मांडला का, तेवढं विचार.

तुला बायका सांगतील, कोंबड्यांचं निमित्त आहे गं, त्यांना एकटं वाटतंय, भजनी मंडळात घाल. मला नाही तसं वाटत. ज्या बाईने पन्नास वर्षं पहाटे उठून आधी खुराडं उघडलं, तिला कोंबड्याच हव्या असतात, टाळ नाही.

पण ते वाक्य. ‘कोंबड्या जातील तिथं मी जाईन.’ तुम्ही दोघांनी ते धमकी म्हणून ऐकलं. ते साधं असेल तर? यजमान कोंबड्या गावी पाठवू म्हणतात, आणि त्या म्हणतात मी तिथं जाईन. तिथं म्हणजे गावी. त्यांना गावी जायचंय का, हे चार महिन्यांत कुणी विचारल्याचं चार पानांत मला दिसलं नाही. बंद घर त्यांनी केलं की तुम्ही करायला लावलं, तेही तू लिहिलेलं नाहीस. नवऱ्याला विचारायला सांगू नकोस, मुलापुढे आया खोटं बोलतात. भांडी घासताना तूच विचार, आणि ‘नाही गं, इथंच बरं’ असं पटकन आलं तर थांब, दोन दिवसांनी परत विचार. उत्तर ‘गावी’ आलं तर भोपरचं घर शोधायचं कारणच राहत नाही. मग तिथं शेजारी कोण आहे, रात्री सोबतीला कोण येईल, गॅस कोण बदलून देईल, याची सोय बघायची. पावसाळ्याचे चार महिने इकडे आणि बाकीचे तिकडे असंही जमतं, पुष्कळ घरांत चालू आहे. उत्तर ‘तुमच्याजवळ’ आलं तर दिवाळीपर्यंत मनापासून शोध, आणि बदलापूरचं टोकन देऊ नकोस.

तो कोंबडा सध्या पहाटे टोपलीखाली झाकून ठेवतेस म्हणतेस. उकाड्यात तसं करू नकोस, गुदमरून मरेल. या शनिवारी संगमेश्वरकडे कोण जातंय ते बघ.

— ताई