स्टॅम्पपेपर जपून ठेवा, बैठक मात्र नको

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. वॉर्डातल्या एका बाईला नवरा दारू पिऊन मारतो. मागे तंटामुक्ती समितीने ‘यापुढे मारहाण करणार नाही’ असं त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू. ती म्हणते, ‘पोलिसांत जायचं नाही, घर सोडायचं नाही, फक्त मार थांबू दे.’ घर सासूच्या नावावर आहे. सरपंच म्हणतात, परत बैठक घेऊ. मी हा विषय ग्रामसभेत मांडू का?

उत्तर : ताई, ग्रामसभेत नको. अख्ख्या गावासमोर तिचं नाव निघेल, इतिवृत्तात कायमचं राहील, आणि घरी गेल्यावर त्याची वसुली तिच्याकडूनच होईल. बैठकही नको. तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली तेव्हा बांधाची, वाटणीची भांडणं कोर्टात जाऊ नयेत हा हेतू चांगलाच होता. पण गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस. त्यामुळे मिटवण्याची घाई सगळ्यांना. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू उभ्या असतात, इथे एक बाजू मार खाऊन बसलेली असते.

तो स्टॅम्पपेपर मात्र फेकू नका. त्याने नवऱ्याला आवर बसत नाही, कारण तो कोर्टाचा आदेश नाही. पण ‘यापुढे मारणार नाही’ म्हणजे आजवर मारलं, हे त्याने सहीनिशी कबूल केलंय. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना असे पुष्कळ कागद माझ्या हाताखालून गेलेत. खाली बारीक अक्षरात ‘माझी काही तक्रार नाही’ असं बाईकडूनही लिहून घेतलेलं असतं. ते आहे का, आधी बघा.

तिला जे हवंय, नेमकं तेच 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे. त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागत नाही. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी, तिचं ऐकून घटनेचा अहवाल तयार करतात, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, आणि कोर्ट मारहाणीला मनाई करणारा आदेश देऊ शकतं. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, म्हणून अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागायला सांगा. घर सासूच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी सून जिथे संसार करते त्या घरात राहण्याचा हक्क ती मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

संरक्षण अधिकाऱ्याला कळवायचं काम कोणीही करू शकतं, तुम्हीही. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दावा किंवा खटला चालत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलंय. सरपंचांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा. पण तिला विचारल्याशिवाय कळवू नका. तिच्या घरी रात्री काय होईल ते तिलाच ठाऊक.

आणखी एक. पुढच्या वेळी मार बसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्यासोबत जा. ‘पाय घसरून पडली’ असं केसपेपरवर जाऊ देऊ नका. कोणी, कशाने मारलं ते डॉक्टरांना लिहायला सांगा. मार खाल्लेली बाई चौकीत जाण्याआधी दवाखान्यात जाते. हे ओळखूनच मुंबई महापालिकेने ‘सेहत’ संस्थेसोबत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र काढलं.

तुमच्या ग्रामपंचायतीला तेवढं झेपणार नाही. पण स्वउत्पन्नातला 10 टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी असतो, आणि बहुतेक गावांत तो शिलाई मशिनांवर संपतो. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत, कोणाचंही नाव न घेता, संरक्षण अधिकाऱ्यांना गावात बोलवायचा ठराव मांडा. 181 हा हेल्पलाइनचा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्या. तिथे बायका रोज येतात आणि कोण काय वाचतंय हे कोणी बघत नाही.