वाईट बातमी सगळ्यात शेवटी कुणाला कळते?

वाचकांचे प्रश्न : कामाची जागा

प्रश्न : सीएनसी टर्निंगवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) मी सहा वर्षं ऑपरेटर होतो. दिवाळीपासून त्याच लाइनचा सुपरवायझर आहे. हाताखाली १४ जण आहेत : ९ ऑपरेटर, ३ हेल्पर आणि आयटीआयचे २ अ‍ॅप्रेंटिस. निम्मे तर माझ्याच डब्याला बसणारे. आता खराब पीस निघाला की ते माझ्यापासून लपवतात, बिनमध्ये खाली सारतात. पुढच्या विभागातून तक्रार आली की मला कळतं. रागावलं तर अबोला. टीम बांधायची कशी?
— एक सुपरवायझर, चाकण

उत्तर : आधी लपवण्याचं पाहू, मैत्रीचं नंतर. गेल्या दोन महिन्यांत ज्यानं आपणहून चूक सांगितली, त्याचं पुढे काय झालं ते आठवा. चारचौघांत नाव निघालं? रिजेक्शनच्या फळ्यावर लागलं? पुढच्या आठवड्याचा ओटी (ओव्हरटाइम) दुसऱ्याला गेला? तसं झालं असेल, तर गप्प बसणं त्यांना स्वस्त पडतं. उपदेशानं हा हिशेब बदलत नाही. सांगणं स्वस्त झालं पाहिजे.

सुरुवात तुमच्या प्रश्नांच्या क्रमापासून करा. खराब पीस हातात आला की बहुतेक सुपरवायझरांच्या तोंडून पहिल्यांदा निघतं, ‘कुणी केलं?’ त्याऐवजी विचारा : मशीन थांबवलंय का? शेवटचा चांगला पीस कितवा? त्यानंतरचे कुठे आहेत? पुढे किती गेले? ‘का झालं’ हे त्यानंतर. आणि ‘कुणी’ हे तोवर आपोआप कळलेलं असतं.

हा क्रम मन राखण्यापुरता नाही. सायकल टाइम (एका पिसाला लागणारा वेळ) २ मिनिटं धरला तर तासाला ३० पीस होतात. दर ३० पिसांना माप घेत असाल आणि ९० वा पीस बोअरमध्ये (आतल्या भोकाच्या मापात) लहान निघाला, तर संशय ६१ ते ९० एवढ्यांवरच. तेव्हाच कळलं तर ३० पीस बाजूला काढून गेज (माप तपासायचं साधन) लावलं की निवाडा झाला. शिफ्ट सुटल्यावर कळलं तर शंभराच्या वर पीस तपासावे लागतात, तेही इतर मालात मिसळलेले. हा आकडा टीमसमोर फळ्यावर मांडा. लवकर सांगणाऱ्यानं कंपनीचे किती पीस वाचवले, ते त्यालाही दिसू द्या.

याच्या एक पाऊल आधीही जाता येतं. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो. एकदम बिघडत नाही. म्हणून मापाच्या तक्त्यात नुसती बरोबरची खूण नको, आकडाच लिहायचा. माप टॉलरन्सच्या (चालू शकणाऱ्या फरकाच्या) काठाकडे सरकताना ज्यानं हाक मारली, त्याचं नाव मात्र सगळ्यांसमोर घ्या. फळ्यावरच्या रिजेक्शनला माणसांची नावं नकोत. मशीन नंबर, कारण आणि उपाय पुरे.

एक रेघ मात्र पहिल्याच दिवशी, सगळ्यांना एकत्र उभं करून आखा : झालेली चूक सांगितली तर शिक्षा नाही, न मोजता तक्त्यात आकडे भरले किंवा खराब पीस चांगल्यात मिसळला तर माफी नाही. हे आधी सांगितलेलं नसताना एखाद्यावर कारवाई केलीत, तर बाकीचे फक्त कारवाई लक्षात ठेवतील.

पहिल्या महिन्यात नोंदलेलं रिजेक्शन बहुधा वाढेल. घाबरू नका. अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास करताना संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात हेच दिसलं होतं : ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगलं आणि बोलायला मोकळीक, तिथं औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, उघड जास्त होत होत्या. तुमच्या मॅनेजरना ही वाढ आधीच सांगून ठेवा. नाहीतर आकडा पाहून ते तुमच्यावर चढतील, तुम्ही टीमवर चढाल आणि बिनच्या तळाशी पुन्हा पीस जमू लागतील.

आता मित्र. ‘मी पक्षपात करत नाही’ हे दाखवायला नवा सुपरवायझर पहिली काठी मित्रावरच उगारतो. त्यानं मित्रही जातो आणि बाकीच्यांचा विश्वासही बसत नाही. पक्षपाताचा संशय येतो तो ओटी, रजा आणि सोप्या जॉबच्या वाटपात. या तिन्हींची पाळी कागदावर लिहून फळ्याला लावा, बदल केलात तर कारणासह तिथंच लिहा. मग प्रत्येकाला एकटं गाठून १५ मिनिटं बोला. एकच विचारा : ‘रोज काम कुठं अडतं?’ कुणी म्हणेल गेज एकच आहे, कुणी म्हणेल कूलंट वेळेवर भरलं जात नाही. जे तुमच्या हातात आहे त्यातलं निदान एक आठवडाभरात करून दाखवा. जे होणार नाही तेही स्पष्ट सांगा. ‘बघतो’ म्हणून टांगून ठेवू नका.

आणखी एक सवय सोडावी लागेल. ऑपरेटर अडला की ‘हो बाजूला’ म्हणून स्वतः ऑफसेट (माप जुळवायचा आकडा) टाकणं. तुमचा हात बसलेला आहे, हे खरं. पण दर वेळी तुम्हीच केलंत तर तो शिकत नाही आणि तुम्ही १४ जणांऐवजी एका मशीनवर अडकता. शेजारी उभे राहा, बटण त्यालाच दाबू द्या. धोका दिसला तर गोष्ट वेगळी, तिथं विचार न करता मशीन थांबवा.

प्रश्न : आमच्याकडे सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं) एकालाच येतं. तो रजेवर गेला की दोन मशीन बंद. शिकव म्हटलं तर टाळतो.
— प्रॉडक्शन इंजिनिअर, सातारा एमआयडीसी

उत्तर : तो टाळतो कारण एकट्याला येतं म्हणूनच त्याला मान आहे. शिकवल्यावर मान कमी होणार असेल तर कुणीही टाळेल. म्हणून आधी वरिष्ठांकडून पक्कं करून घ्या की त्याच्या वार्षिक मूल्यमापनात ‘किती जणांना तयार केलं’ हे मोजलं जाईल, आणि शिकवण्याच्या वेळेत त्याच्याकडून पूर्ण उत्पादन मागितलं जाणार नाही. दुसरी अट पाळली जात नाही आणि तिथंच बहुतेक प्रशिक्षण मरतं.

शिकवण्याची रीत जुनी आणि पक्की आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर तयार करायला ती बसवली गेली. पुढे जपानी कारखान्यांनी उचलली. आधी सेटरसोबत बसून एका पानावर तीन रकाने भरा : मुख्य टप्पा, त्यातली खुबी, आणि खुबीमागचं कारण. ‘जॉ (जॉब पकडणारे जबडे) बोअर करून घे’ हा टप्पा. ‘जॉबला लागेल तेवढ्याच प्रेशरवर पकडून’ ही खुबी. ‘प्रेशर वेगळं असलं की पकड बदलते आणि रनआउट (फिरताना डगमग) येतो’ हे कारण. मग शिकाऊ माणसाला तयार करणं, करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं, असे चार टप्पे. तिसऱ्यात त्यानं हातानं करता करता खुबी आणि कारण तोंडानं सांगायचं. नुसती मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका.

कौशल्याचा तक्ता (कुणाला कोणतं काम येतं) लावा, पण ऑडिटसाठी केबिनमध्ये बसून भरू नका. सेटिंग केलं, पहिला पीस क्वालिटीनं पास केला, तरच त्याच्या नावापुढचा गोल भरायचा. दर कामाला एकट्यानं करणारे किमान तीन हवेत : एक कामावर, एक दुसऱ्या पाळीत, एक रजेवर.

प्रश्न : पतसंस्थेच्या शाखेची जबाबदारी माझ्याकडे आली. कॅशियर वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणते. चूक सांगायला जीभ रेटत नाही.
— शाखाधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : काका म्हणणं सोडू नका. मान माणसाला द्या, बोलणं कागदाबद्दल करा. त्याच दिवशी, ग्राहक गेल्यावर, दोघांतच आणि एकच मुद्दा : ‘काका, दिवसअखेर रोकड ५०० रुपयांनी कमी येतेय आणि या व्हाउचरवर सही राहिलीय. आज दोघं मिळून पुन्हा मोजू या का?’ ‘तुमचं हल्ली लक्ष नसतं’ हे वाक्य टाळा. ते पटवताही येत नाही आणि विसरलंही जात नाही. शिपायामार्फत किंवा चेष्टेत सांगणं तर त्याहून वाईट. यापुढे दिवसअखेरची मोजणी रोजच दोघांनी करा आणि दोघांनी सही करा. हा नियम संशयापोटी नाही, फरक आला तर एकट्या काकांवर बोट येऊ नये म्हणून आहे. त्यांना तसंच सांगा.

प्रश्न : टीम एकत्र यावी म्हणून एक दिवसाची सहल काढतोय, ४०,००० रुपये मंजूर आहेत. काय काय ठेवावं?
— एचआर विभाग, नाशिक

उत्तर : आधी टीमला विचारा. सहल जरूर काढा, पण कामाच्याच दिवशी. सुट्टीच्या दिवशी काढलेली सहल घरात लहान मूल असलेल्यांना जाच होते. आणि पाण्याचा कूलर महिनाभर बंद असेल किंवा बायकांच्या स्वच्छतागृहाला धड कडी नसेल, तर त्या पैशांतून आधी ते दुरुस्त करून घ्या.