मादागास्करला लेमूर बघायला चाललोय. अंदासिबेच्या जंगलानंतर अलाओत्रा तळ्यापर्यंत जाण्यात अर्थ आहे का? तिथे जंगलच नाही म्हणतात.

"जंगलच नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण नेमकं हेच मी वाटेतल्या मोरामांगा गावात ऐकून घेतलंय. आमच्या ग्रुपमधले एक काका, ट्रिप त्यांनीच ठरवलेली, म्हणाले इंद्री लेमूर बघून झाला ना, आता गवत बघायला कशाला दिवसभर खड्डे खायचे. निम्मी मंडळी त्यांच्याबरोबर मागे राहिली, मी आणि बायको पुढे गेलो.

आंद्रेबा गावातून पहाटे अंधार असतानाच होडी निघते. दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेला पपायरस, मधे होडी जेमतेम जाईल एवढी वाट, नावाडी काठीने रेटत नेतो. एका वळणावर त्याने नुसता हात वर केला. अगदी समोर बान्द्रो! (तळ्यातल्या या लेमूरला तिथे बान्द्रोच म्हणतात.) राखाडी-तपकिरी, सव्वा किलोच्या आसपासचा जीव, कान केसांत बुडालेले, उभ्या दांड्याला हातापायांनी धरून बसलेला. त्याने एक कोवळा दांडा ओढला, दाताने वरची साल काढली आणि आतला पांढरा गर ऊस खावा तसा खाल्ला, मग उडी मारून पुढच्या दांड्यावर, तो वाकून पाण्याला टेकेपर्यंत हा तिसऱ्यावर, आणि पाठीवर पिल्लू, म्हणजे ती मादी होती हे तेव्हा कळलं.

हा लेमूर जगात फक्त याच तळ्याच्या दलदलीत आहे. त्याचं जवळपास सगळं खाणं चार वनस्पतींवर चालतं, पपायरस, देवनळ आणि दोन गवतं, त्यातलं एक तर आपल्या भातखाचरातही उगवतं. मग हे त्याचं जंगल नाही तर काय? झाडं दिसली नाहीत की जागा रिकामी समजायची हीच खरी खोड आहे. मादागास्करचं भाताचं कोठार हेच, त्यामुळे कोरड्या दिवसांत दलदल पेटवतात, कुणी भातासाठी तर कुणी मासे धरायला, उघड्या डोंगरांची माती वाहून तळ्यात येते, वर जलपर्णी. २००३ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तरी आगी थांबल्या नाहीत. इथलाच एक पाणपक्षी, अलाओत्रा ग्रीब, २०१० मध्ये नामशेष जाहीर झाला.

काका अजूनही ग्रुपवर लिहितात की तिथल्या लोकांनीच वाट लावली. साफ चूक. आंद्रेबाजवळचा बान्द्रोचा राखीव तुकडा गावाच्या साथीनेच टिकलाय, आणि पर्यटक तिथे राहिला, जेवला, होडीचे पैसे दिले तर गावाला दलदल ठेवण्यात फायदा दिसतो. अंदासिबेत बसून शेतकऱ्यांना नावं ठेवणं सोपं असतं.

तर जा. मात्र आम्ही गेलो तेव्हा रस्ता खरंच वाईट होता, पावसाळ्यात तर नकोच, आणि आंद्रेबात मुक्काम केल्याशिवाय पहाटेची होडी मिळायची नाही. दिसेलच अशी खात्री कुणी देत नाही. हातात चार-पाचच दिवस असतील तर अंदासिबे पुरे.