आपले प्रश्न : डोंगरवाडीतले बाळंतपण आणि पावसाळा

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतून आलेल्या पत्रांपैकी तीन या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमची धनगरवाडी गाडीरस्त्यापासून तासाभराच्या चढावर असून मधल्या वहाळावरचा साकव दर पावसाळ्यात वाहून जातो. गेल्या वर्षी एक सून डोलीतून नेताना वाटेतच बाळंत झाली. सुदैवाने दोन्ही जीव वाचले. यंदा दोघींची तारीख जुलैअखेरची आहे. रस्ता होईपर्यंत आम्ही काय करावे?

उत्तर : रस्त्याची आणि पक्क्या साकवाची मागणी तुम्ही मुळीच सोडू नका. पण ती पुरी होईपर्यंतच्या पावसाळ्यांतही बाळंतपणे होणारच आहेत, म्हणून कळा सुरू झाल्यावर वाडीतून निघण्याची पद्धत आधी बदला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांच्या आत स्त्रीचा जीव घेऊ शकतो, आणि तुमच्याकडे त्यातला एक तास तर नुसती उतरण खाते. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर देशात ते ९७ होते. राज्य पुढे आहे याचे समाधान जरूर मानावे, पण ती सरासरी आहे आणि हाकेच्या अंतरावर इस्पितळ असलेल्या शहरी स्त्रियाही तिच्यात मोजलेल्या आहेत, हे वाडीने विसरू नये.

या दोघींना तारखेच्या किमान दोन आठवडे आधी खाली आणा. ठरलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या स्त्रिया फार थोड्या असतात, त्यामुळे तारखेवर विसंबून वाडीत थांबणे धोक्याचे आहे. पहिली खेप असेल, आधीचे सिझेरियन असेल, जुळी असतील किंवा रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक भरत असेल, तर किती आधी उतरायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या. हे अंतर तीन-चार आठवड्यांचेही असू शकते. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन भागत नाही. जिथे शस्त्रक्रिया होते, भूलतज्ज्ञ असतात आणि रक्त मिळते, अशाच रुग्णालयात तिचे नाव आधीपासून घातलेले असावे. दुसऱ्या रुग्णालयाचा पर्यायही ठरवून ठेवा, कारण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहरच पाण्याखाली गेले होते आणि एकाच गावावर भिस्त ठेवण्याचा धोका तेव्हा सगळ्या कोकणाने पाहिला.

खाली आणायचे म्हणजे राहायचे कुठे, हा खरा अडसर असतो. नात्यातले घर असेल तर उत्तम. नसेल तर ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राजवळ एक खोली पावसाळ्यापुरती भाड्याने घ्यावी. स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे, आणि या खोलीपेक्षा त्या पैशाचा चांगला विनियोग मला सुचत नाही. राज्याच्या काही आदिवासी जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात ‘माहेरघर’ असते आणि गरोदर स्त्री प्रसूतीच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहते. कोकणच्या डोंगरी तालुक्यांनाही या सोयीची तितकीच गरज आहे. ग्रामसभेत तसा ठराव करून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे अवश्य पाठवा.

खर्चाच्या धास्तीने कोणी मागे राहत असेल तर तिच्या घरच्यांना सांगा की जून २०११ पासून लागू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातला आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सारे मोफत आहे. वाहनासाठी १०२ किंवा १०८ क्रमांक लावावा. वाडीत रेंज कोणत्या कातळावर येते ते म्हाताऱ्यांनाही ठाऊक असू द्या. गाडी डांबरी रस्त्यावरच थांबणार, त्यामुळे खांदेकऱ्यांची नावे आधी ठरवावी लागतील. तरुण मंडळी मुंबईला असल्याने एका वाडीत पुरेसे खांदे मिळत नाहीत. शेजारच्या वाडीशी मिळून यादी करा. डोलीचे बांबू पावसाआधी तपासून कोरड्या जागी ठेवा आणि नेताना स्त्रीला डाव्या कुशीवर निजवा.

इतके करूनही वाटेत बाळंतपण झालेच, तर बाळाला लगेच कोरड्या फडक्याने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर पांघरूण घाला. बाळाला छातीला लावू द्या. नाळ कोयत्याने वा हाताशी येईल त्या पात्याने कापू नका, वार ओढू नका. तसेच पुढे चला.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. नवरा मुंबईला, सासरे त्याच्या फोनची वाट पाहत बसलेले आणि सून ओटीवर कळा देते आहे, असे आपल्याकडे वारंवार घडते. रक्त जाऊ लागले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, पाणी गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कोणालाही न विचारता निघायचे, हे चाकरमान्याने गणपतीला वा शिमग्याला घरी आलेला असतानाच सर्वांसमक्ष सांगून ठेवावे.

प्रश्न : माझ्या सुनेला सहावा महिना आहे. तपासणीत रक्त ८.२ भरले. लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळते, शौचाला काळे होते, आणि गोळ्यांनी मूल मोठे होऊन बाळंतपण अडते असे शेजारणी म्हणतात. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? (पोलादपूर तालुका)

उत्तर : बंद करू नका, आई. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की तो पांडुरोग समजतात, आणि ८.२ हे मध्यम प्रमाण आहे. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र समजतात आणि रुग्णालयात उपचार घ्यावे लागतात. शौचाचा काळा रंग लोहाचा असतो, त्यात अपाय काही नाही. गोळीने मूल अवजड होत नाही. उलट आईच्या अंगात रक्त कमी असले तर बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याची भीती वाढते, आणि जेवढा रक्तस्राव दुसरी बाई सोसून जाते तेवढा हिच्या जिवावर बेतू शकतो.

मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा, मग तो कोरा असला तरी, गोळीच्या आगेमागे दोन तास नको, आणि कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी द्या. हिमोग्लोबिन इतके कमी असताना बहुधा रोज दोन गोळ्या सांगतात. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर काय लिहिले आहे ते आरोग्यसेविकेकडून समजून घ्या. महिन्याने रक्त पुन्हा तपासा. तरीही वाढ दिसली नाही, तर शिरेवाटे लोह देण्याची सोय रुग्णालयात असते.

ताटात शेवग्याचा पाला, कुळथाची पिठी, सुकट-जवळा आणि नाचणी असू द्या, आणि तिला सर्वांच्या मागून नव्हे, सर्वांबरोबर जेवायला बसवा. लावणीच्या दिवसांत तिला चिखलात उतरवू नका. लेप्टोची (चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) साथ असेल तर वाडीत वाटलेली प्रतिबंधक गोळी तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : मी खेड तालुक्यात आशा सेविका आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या एका बाळाचे वजन १.९ किलो आहे. घरचे त्याला रोज अंघोळ घालतात आणि उबेसाठी खोलीत शेगडी ठेवतात. त्यांची समजूत कशी घालू?

उत्तर : तुम्ही मनावर घेतले आहे, ते योग्यच आहे. शेगडीचा धूर एवढ्या लहान फुप्फुसांना सोसत नाही. आईच्या उघड्या छातीला लावून, टोपी-मोजे घालून, वरून लुगड्याने बांधलेले बाळ शेगडीपेक्षा चांगले उबदार राहते, आणि हे काम आजी, काकू किंवा बापही आळीपाळीने करू शकतो. अंघोळ वजन नीट वाढेपर्यंत थांबवा. कोमट पाण्याने पटकन पुसून घेतले की पुरे. गुटी, मध, पाणी काहीही नको, फक्त आईचे दूध, आणि तेही दर दोन तासांनी, रात्री उठवूनसुद्धा. बाळाला ओढता येत नसेल तर दूध वाटीत काढून चमच्याने पाजा.

घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली. तिथल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांनी हे काम केले आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांना हे सांगा. तुमच्या भेटींचे ठरलेले दिवस, म्हणजे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२, यांपुरते न थांबता या बाळाकडे मध्येही जा, आणि वहाळ भरला असेल तर फोनवर आईला विचारा. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, अंग गार वा तापलेले असेल, बाळ मलूल होऊन दूध ओढत नसेल किंवा नाळेतून पू येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. आजारी बाळाला पहिल्या वर्षभर उपचार आणि वाहन मोफत आहे, हेही त्यांच्या कानावर घाला.