गो-गोजचा ‘ब्युटी अँड द बीट’ मला नुसता गोडमिट्ट वाटतो. चाहत्यांना त्यात एवढं काय सापडतं?

प्रश्नात तुम्ही म्हणता, गो-गोज या अमेरिकी मुलींच्या बँडचा १९८१चा हा अल्बम मोबाइलवर दोनदा ऐकला, ‘वी गॉट द बीट’ सोडलं तर सगळं सारखंच वाटलं, तर लोक अजून त्यावर इतका जीव का टाकतात? शिवाय जुनी एलपी मिळतेय, ती घ्यावी का, हेही विचारलंय.

आधी मोबाइलचं बघू, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. या अल्बमचा कणा बास आणि ड्रममध्ये आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून बास जवळपास येतच नाही. उरतात गिटारी आणि बेलिंडा कार्लाइलचा आवाज, मग गोडमिट्टच लागणार. साधे वायरचे इअरफोन पुरतात. फक्त ‘बास बूस्ट’ बंद ठेवा. कॅथी व्हॅलेंटाइन मूळची गिटारवादक, १९८०च्या अखेरीस ती बास गिटार धरून या बँडमध्ये आली, आणि बासही ती पिकनेच, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीनेच वाजवते. त्यामुळे प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला तारेचा ‘टक्’ असा कडक आवाज येतो. बूस्ट लावलात की खालचा घुमारा फुगतो आणि तो टक् नेमका त्यात बुडतो. शफलही बंद करा. अकरा गाणी, साधारण साडेपस्तीस मिनिटं. एका बैठकीत होतं.

आता पहिलंच गाणं, ‘अवर लिप्स आर सील्ड’. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्षच देऊ नका, ड्रमवादक जीना शॉकचा ठेका धरा. सरळ, न डगमगणारा हात. त्यावर बासचे एकसारखे ठोके, त्यावर गिटारी. पावणेतीन मिनिटांच्या गाण्यात मधे एक जागा येते, तिथे बेलिंडा थांबते आणि गिटारवादक जेन वीडलिन गाते. आवाज बारीक, हवेतला, जवळजवळ कानाशी लागून बोलल्यासारखा. मागची साथही खाली बसते. आणि तिथून गाणं पुन्हा मुखड्यावर येतं तेव्हा तोच मुखडा आधीपेक्षा मोठा वाटतो. पॉवर पॉप म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे एवढंच ऐकवेन: गिटारींचा जोर, गळ्यात बसणारी चाल, आणि तीन मिनिटांच्या आत एकदा तरी पायाखालची जमीन काढून घेणं.

हे गाणं जेनने ‘द स्पेशल्स’ या इंग्लिश बँडच्या टेरी हॉलसोबत लिहिलं. १९८०मध्ये गो-गोज इंग्लंडमध्ये त्यांच्याबरोबर दौऱ्यावर होत्या, आणि टेरीने पत्रातून पाठवलेल्या ओळींवरून तिने गाणं पूर्ण केलं. पुढे टेरीच्या ‘फन बॉय थ्री’ या नंतरच्या बँडने १९८३मध्ये तेच गाणं संथ आणि काळवंडलेल्या रूपात केलं. दोन्ही लागोपाठ ऐका. दुसऱ्यातली उदासी पहिल्यातही होतीच, हे मग स्वच्छ कळतं.

‘सगळं सारखंच’ वाटण्याचं दुसरं कारण लयीत आहे. गो-गोज लॉस एंजेलिसच्या पंक क्लबांतून आल्या, तिथे गाणी सुसाट वाजवायची रीत. निर्माता रिचर्ड गॉटेहररने (रॉब फ्रीमन त्याचा सहनिर्माता) न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण करताना लय खाली आणली. हा गॉटेहरर १९६३च्या ‘माय बॉयफ्रेंड्स बॅक’च्या तीन लेखकांपैकी एक, आणि ब्लाँडी या बँडचे पहिले दोन अल्बमही त्यानेच केलेले. मुलींच्या गळ्यातली चाल पुढे कशी आणायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. द्रुत लयीत बंदिशीचे शब्द खाल्ले जातात, तसंच इथे व्हायचं. लय उतरल्यावर दोन-तीन गळ्यांच्या सुरावटी एकमेकींत न अडकता ऐकू येऊ लागल्या. अल्बम पहिल्यांदा ऐकून बँडमधल्या मुली नाराज झाल्या होत्या, आपलं पंक धुऊन टाकलं असं त्यांना वाटलं. माझ्या मते गॉटेहररचंच बरोबर होतं. तरी तुमचं तुम्ही ठरवा: २०११च्या आवृत्तीत १९८१चा बॉस्टनमधला जिवंत कार्यक्रम जोडलेला आहे, त्यातलं एखादं गाणं स्टुडिओतल्याशेजारी लावून बघा.

चाहते ज्याच्यासाठी परत परत येतात ती गाणी मात्र हिट झालेली नव्हेत. पहिल्या बाजूच्या शेवटची दोन घ्या. ‘लस्ट टू लव्ह’मध्ये कडवं दबकत येतं आणि मुखड्याला एकदम धाव घेतं. ‘धिस टाउन’ हे लॉस एंजेलिसचं गाणं, पण त्यात ऊन नाही. गिटार समुद्रकाठच्या सर्फ संगीतातली, तरी सूर अंधारे, जुन्या हेरपटात शोभतील असे. शहराच्या झगमगाटाखाली काय चाललंय ते या मुली जाणून होत्या. इथवर आलात की गोडमिट्ट हा शब्द टिकत नाही. दुसऱ्या बाजूचं ‘ऑटोमॅटिक’ही असंच थंड आणि रिकामं, ते रात्री ऐका. ‘स्किडमार्क्स ऑन माय हार्ट’ मला थोडं हलकं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे जुने चाहते हळवे होतात. मार्च १९८२मध्ये हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि सहा आठवडे तिथे राहिला. स्वतः गाणी लिहिणाऱ्या आणि स्वतःच वाद्यं वाजवणाऱ्या केवळ स्त्रियांच्या बँडने हे पहिल्यांदाच केलं होतं. तेव्हा त्या ‘द पोलिस’ या बँडच्या कार्यक्रमांत आधी वाजवत होत्या, आणि यादीत त्यांच्याही पुढे गेल्या.

आता एलपी. मुखपृष्ठावर टॉवेल गुंडाळलेल्या, चेहऱ्याला क्रीम फासलेल्या पाचजणी आहेत. मागचा रंग पीचसारखा असेल तर ती सुरुवातीची छपाई, निळा असेल तर नंतरची. रंगासाठी जादा पैसे देऊ नका, तबकडीची अवस्था बघा. शक्य असेल तर दुकानातच दुसरी बाजू लावा. ती ‘वी गॉट द बीट’ने सुरू होते, सगळ्यांनी सुई तिथेच टेकवलेली असते, म्हणून झीज आधी तिथे दिसते. सुरुवातीला जीनाचे एकटे ड्रम आहेत, त्यामागे सतत चरचर असेल तर समजा खाचा खरवडल्या गेल्यात. धुऊन ती जाणार नाही. सुटेसुटे टिकटिक आवाज मात्र धुळीचे असू शकतात, ते धुतल्यावर बरेच जातात.

मग त्याच बाजूचं शेवटचं ‘कान्ट स्टॉप द वर्ल्ड’ लावा. लेबलाजवळच्या खाचांत ‘स’ फाटतो. तिथे फाटला तर लगेच तबकडीला दोष देऊ नका, आधी सुईची मांडणी आणि वजन तपासा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सुईला २ ग्रॅम लागतात. त्याहून हलकी ठेवलीत तर सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते, आणि चांगली तबकडीही त्यात खराब होते.