आलास की आलीस

प्रिय,

तुझ्या माणसावरच्या गाण्याची दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. पहिल्यात त्याची 'ती' झालीये, दुसऱ्यात तो उरलाच नाहीये. नुसतं इंद्रधनुष्य, पंख आणि 'प्रेमाला बंधन नसतं'. कुठलं ठेवू, विचारतोस. कुठलंच नको. गाण्यात तो दिसला पाहिजे.

मीटरसाठी 'आलीस' केलं, हे मला सांगू नकोस. 'आलास', 'आलीस', दोन्हींच्या मात्रा पाच. 'हसतोस', 'हसतेस'चंही तेच. चालीला काही फरक पडत नाही रे, फरक घरच्यांना पडतो. तसं म्हण, मग बोलू.

लपायच्या जागा मला पाठ आहेत. 'तू हाक मारलीस', 'तू दार उघडलंस': क्रियापद हाकेच्या नि दाराच्या मागे जातं, करणारा की करणारी हे कळतच नाही. मी वर्षानुवर्षं तशीच गाणी लिहिली. लोकांनी ती लग्नाच्या संगीतात वाजवली. सप्टेंबर 2018 पर्यंत डोक्यावर आपल्यासारख्यांच्या प्रेमाला गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं, नोकरी होती, आई होती. माफीबिफी मागणार नाही. कसब लागतं त्याला. पण त्यातलं एकही ऐकून माझा माणूस 'अरे, हा तर मी' असं म्हणाला नाही. कोर्टाचा निकाल लागला तोवर माझा हात कर्मणी प्रयोगात इतका बसला होता की निघेना. तुझा अजून बसलेला नाही.

'मराठी श्रोता तयार नाही' म्हणे! ज्ञानेश्वरांच्या विराण्या, म्हणजे विरहाचे अभंग घे, शाहिरांच्या लावण्या घे. पुरुष बाईच्या तोंडून प्रियकराला आळवतो आणि सगळे माना डोलावतात. तू बाई न होता आळवणार, एवढंच नवं आहे. त्याला गोंडस करून पचवायला देऊ नकोस.

परवा फोनवर काय सांगत होतास? एसटीत तो खिडकी तुला देतो आणि मग अख्खा घाट तुझ्या अंगावरून वाकून बघत बसतो. हसून माझी पुरेवाट झाली. हे गाण्यात कुठाय? तिसऱ्या अंतऱ्यात मात्र आपल्या लग्नांना मान्यता नाकारणारा 2023चा निकाल आहे. राग मलाही आहे. त्यावर वेगळं गाणं लिही, ढोलकीला मी बसतो. इथे तो दिसू दे.

दिसणं म्हणजे पत्ता देणं नव्हे. त्याच्या ऑफिसात माहीत नाही ना? मग बँक, गाव, आडनावाचं यमक, सगळं काढ. वाकून घाट बघणारी पोरं चिक्कार असतात. कोणाला काही कळणार नाही, त्याला कळेल. आणि पहिल्यांदा त्यालाच ऐकव, एकट्याला. नको म्हणाला तर बाहेर काढायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

ध्रुवपद ठेव. बाकीचं नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव, आणि गिटार जरा कमी कर, शब्द ऐकू येत नाहीत.

दादा